ठिकाण : मोरी

१४ ऑक्टोबर १९८६

मच्छीमार सोसायटीने जानेवारीत दिलेली ही डायरी नऊ महिने खिडकीच्या फटीत खोचलेली होती, कारण वारा आला की झडप आपटायची. आज काढली. आता झडप आपटते आणि हंसा माझ्याकडे बघते. आपटू दे. मला कुठेतरी लिहायला हवं.

पहिल्या पानावर नाव-गाव घालायची पद्धत आहे म्हणून घालतो. कमलाकांत शांताराम तांडेल, वय त्रेपन्न, मूळचा सातपाटीचा. तीस वर्षं बापाच्या होडीवर काढली, मग गुडघा गेला. हलत्या होडीत उभं राहता येत नसेल तर माणूस नुसतं वजन. तीन वर्षांपूर्वी इकडे उमरोळीच्या बाजूला, जांभुळओहोळावरच्या पाणी-योजनेच्या पंपावर लागलो. सकाळी सहा ते आठ आणि दुपारी तीन ते पाच पंप चालवायचा, टाकी भरायची. बायको हंसा पहाटेच्या एसटीने सातपाटीला जाते, म्हावरं आणते आणि डोक्यावर टोपली घेऊन इथल्या पाड्यांवर विकते. म्हणजे समुद्र सुटला तरी घरातला वास काही सुटला नाही.

तर काल पालघरच्या शाळेत विज्ञान शिकवणारे आत्माराम सर सायकलवरून आले. पस्तिशीचा माणूस, पण बोलताना शाळकरी पोरासारखा फुलतो. त्यांनी एक जाडजूड रजिस्टर दिलं. आजपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत ओहोळावर जो जो प्राणी-पक्षी दिसेल तो लिहायचा. रकाने पाच : तारीख, वेळ, काय दिसलं, किती, ठिकाण. काका, तुम्ही दिवसभर तिथेच असता, तुमच्याइतके डोळे कोणाचे, असं म्हणाले. आणि रजिस्टरात स्वतःचं मत लिहायचं नाही, असंही म्हणाले. मग मत ठेवू कुठे? म्हणून ही डायरी.

आजचा हिशेब : खंड्या दोन, बगळे नऊ, दिवड जातीचा साप एक. पाण्यावर चतुर एवढे की मोजणी सोडून दिली. मत : बगळा हा आळशी पक्षी आहे.

१६ ऑक्टोबर

मोठी बातमी आहे. पण आधी जागा सांगतो, नाहीतर उद्या मलाच कळायचं नाही.

पंपाच्या खाली रस्त्याची मोरी आहे, ओहोळावरचा बुटका पूल. तिथे एसटी जाते, बायका धुणं धुतात, कोणी फारसं लपून राहू शकत नाही. पंपाच्या वर अर्ध्या मैलावर करंजांच्या दाटीत खडकातला खोल डोह आहे. त्याला रांजणकोंड म्हणतात. तिकडे वाट नाही, फक्त शेळ्यांची पायवाट.

सकाळी पंप बंद करून कोंडावर गेलो. खडकाच्या कपारीतून एक लांबडं, तपकिरी, मिशाळ डोकं वर आलं. मग दुसरं. ऊद! पाणमांजर म्हणतात पुस्तकात. जोडी होती. एकाने मासा पकडला, पुढच्या दोन पायांत धरला आणि शेपटीकडून नाही, डोक्याकडून खाल्ला, अगदी आमच्या बाबांसारखा.

खरं तर मला राग यायला हवा. खाडीत या जातीने आमच्या जाळ्यांना किती भोकं पाडली! बाबा उदाचं नाव काढलं तरी शिव्या द्यायचे. पण ती जोडी खडकावर एकमेकांना अंग घासत बसली तेव्हा मी अर्धा तास हललो नाही. गुडघ्याची आठवणसुद्धा झाली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. पंपावर येऊन रजिस्टर उघडलं. ऊद, संख्या दोन, ठिकाण... आणि हात आपोआप लिहून गेला : मोरी.

खोटं लिहायचं मनात नव्हतं. पण तीस वर्षांची सवय आहे. आमच्या घराचा पहिला नियम, म्हावरं कुठे लागलं ते कोणाला सांगायचं नाही. पापलेटांनी होडी भरून यायची आणि बंदरावर कोणी विचारलं की बाबा सांगायचे, दातिवऱ्याच्या समोर लागलं. खरं तर डहाणूकडून यायचे. दुसऱ्या दिवशी दहा होड्या दातिवऱ्याला जायच्या. अंथरुणाला खिळले होते तेव्हा चुलत्याने हळूच विचारलं, तर तेव्हाही उलटीच दिशा सांगून मोकळे झाले.

खोडून रांजणकोंड लिहिणार होतो. मग विचार केला, कशाला? सरांना ऊद हवेत, ते मिळाले. जागा कोणाला कळली तर उद्या कोणी जाळं घेऊन येईल, कोणी बंदूक घेऊन. राहू दे मोरी.

१७ ऑक्टोबर

कोंडावर घोरपड एक, धनेश दोन. रजिस्टरात : मोरी. रांजणकोंडासमोर लिहिलं : विशेष काही नाही.

एकदा मोरी म्हटलं की मोरी.

२० ऑक्टोबर

आत्माराम सर आले. ऊद वाचून त्यांचा चेहरा असा झाला की मलाच लाज वाटली. मोरीवर दोन तास बसले. तिथे त्यांना एक म्हैस दिसली. मी म्हटलं, लाजाळू जनावर आहे, नशीब लागतं. सर म्हणाले, खरं आहे काका, तुमच्याकडे चिकाटी आहे. मुलांना वर्गात हे रजिस्टर दाखवतो, असंही म्हणाले.

तिथेच जिवली शेळ्या घेऊन उभी होती. ही पलीकडच्या पाड्यावरची वारली बाई, माझ्याच वयाची असेल. ओहोळातला खेकडा कोणत्या दगडाखाली आहे हे दगड न उचलता सांगते. सर गेल्यावर तिने विचारलं, उद कुठे लिवलं? मी म्हटलं, मोरीवर. ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "बरं भाऊ. तू म्हनतो तं मोरीवर."

मला तिचं ते हसणं आवडलं नाही.

आज पहिले धोबी पक्षी आले. थंडीच्या देशातून येतात म्हणे, आणि आल्या आल्या शेपटी वर-खाली करत मोरीवर फिरायला लागतात. हे मात्र खरंच मोरीवर दिसले. एवढी एक नोंद खरी आहे.

२४ ऑक्टोबर

आज मी एक शोध लावला.

रांजणकोंडाच्या सपाट खडकावर उदांची जेवणाची जागा आहे. तिथे रोज खवलं, काटे, खेकड्यांच्या नांग्या पडलेल्या असतात. आज त्यात एक लांब काटा मिळाला, करवतीसारखे दाते असलेला. मी बघताक्षणी ओळखला. शिंगाळ्याचा! तळहातात दहा वेळा घुसलाय, विसरेन कसा? आता शिंगाळा हा समुद्रातला, फार तर खाडीतला मासा. जांभुळओहोळात तो जन्मात येणार नाही. बाजूला मांदेलीची डोकी पण होती.

म्हणजे काय? म्हणजे ही जोडी रात्री निघून थेट खाडीपर्यंत जाते, तिथे शिकार करते आणि सकाळी मासा तोंडात धरून परत येते. कमीत कमी पाच मैल जाणं, पाच मैल येणं. हे आजवर कोणी नोंदवलेलं नसावं. रजिस्टरात ठळक अक्षरांत लिहिलं. ठिकाण अर्थातच मोरी.

घरी हंसाला सांगितलं. ती चुलीशी होती. तिने भाकरी उलटली. मग म्हणाली, पाच मैल? पाय दुखत असतील बिचाऱ्यांचे.

तिला विज्ञानात रस नाही.

२७ ऑक्टोबर

हंसाशी वाजलं. हल्ली ती घरी उशिरा येते. पूर्वी चारला यायची, आता पाच वाजून जातात. लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटलेली, पाय ओले. मी म्हटलं, आडवाटेने येतेस, भात कापणीचे दिवस आहेत, साप उंदरांमागे फिरतात, अक्कल आहे का? ती म्हणाली, जिवलीकडे बसते जरा, गप्पा मारायला. आणि तिने उलट विचारलं, तुमी कुठं बसता दिवसभर? मी म्हटलं, मोरीवर. ती म्हणाली, हां, मोरीवर.

तेच हसणं. जिवलीकडून शिकली असणार.

शिवाय टोपलीत रोज काही ना काही उरायचं, त्याचं संध्याकाळी कालवण व्हायचं. आता टोपली धुतल्यासारखी रिकामी येते आणि ताटात वालाची भाजी. धंदा चांगला चाललाय म्हणते. चालू दे बापडा.

३० ऑक्टोबर

पाड्यावर वाघबारस झाली. जिवलीने आम्हा दोघांना बोलावलं होतं. वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावला, नारळ फोडला, नव्या भाताचा नैवेद्य. जनावराची जागा जनावराची, आपली आपली, असं काहीसं त्यांचा भगत म्हणाला. मला पटलं. हंसा आणि जिवली शेजारी बसून दोन पोरींसारख्या कुजबुजत होत्या. मी जवळ गेलो की गप्प.

कोंडावर आज उदाच्या कपारीतून बारीक चिवचिव ऐकली. आत पिल्लं असावीत. किती ते दिसलं नाही. पायात मुंग्या येईपर्यंत थांबलो. सांगतो ना, मला पोरं झाली तेव्हा मी समुद्रावर होतो, दोन्ही वेळेला. हे पहिल्यांदाच दाराबाहेर बसून ऐकलं.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. करंज्या संपल्या. आज पंचायतीत बैठक होती आणि मला खास बोलावणं! खुर्ची दिली.

ओहोळावर सिमेंटचा बंधारा होणार. चांगलीच गोष्ट आहे, पाड्यांवरच्या लोकांना हिवाळ्यात वाल, भाजी करता येईल, निम्म्या लोकांना वसईकडे वीटभट्टीवर जावं लागणार नाही. ओव्हरसियर साहेब तरुण आहेत, बोलायला बरे. म्हणाले, दोन जागा आहेत, मोरीजवळ किंवा रांजणकोंडाजवळ. खर्च सारखा, पाणी सारखं, माझी कशालाच हरकत नाही. तेव्हा आत्माराम सर उठले. म्हणाले, मग जिथे वन्यजीव कमी तिथे बांधा, आमच्याकडे शास्त्रशुद्ध नोंद आहे. आणि माझं रजिस्टर टेबलावर ठेवलं.

साहेबांनी पानं चाळली. मोरी : ऊद, घोरपड, धनेश, मुंगूस. रांजणकोंड : विशेष काही नाही, विशेष काही नाही, विशेष काही नाही. म्हणाले, हे तर स्पष्टच आहे. बंधारा रांजणकोंडावर. महिनाअखेरीस खडक फोडायला सुरुंगवाले येतील.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, काका, तुमच्यामुळे ऊद वाचले.

मी पण टाळ्या वाजवल्या. 

७ नोव्हेंबर

कोंडावर चुन्याची रेघ मारली आहे. बरोबर जेवणाच्या खडकावरून जाते आणि कपारीच्या तोंडाशी संपते. मोठा ऊद येऊन तिला हुंगून गेला. नाकाला पांढरं लागलं होतं.

सांगायचं कसं? तीन आठवडे खोटं लिहिलं, हे? सर शाळेत रजिस्टर दाखवतात. पंचायतीत मला खुर्ची मिळाली. सगळ्या उमरोळीत आता मला पंपवाला नाही, नोंदवाले काका म्हणतात. बाबा असते तर म्हणाले असते, तोंड मिटून बस. पण बाबा लोकांना मोकळ्या पाण्यात पाठवायचे. मी त्यांना भरल्या घरावर पाठवलं.

८ नोव्हेंबर

उपाय सापडला! न बोलता काम होईल. आजपासून रजिस्टरात रांजणकोंडावर जनावरं वाढवायची.

आजची नोंद, ठिकाण रांजणकोंड : ऊद सात. घोरपडी चार. मोर अकरा. बिबट्या एक (पाठमोरा).

पाठमोरा लिहिलं की खरं वाटतं.

१० नोव्हेंबर

उपाय अंगाशी आला. बिबट्याचं ऐकून सर सायकल दामटत आले आणि आनंदाने सगळीकडे सांगत सुटले. पाड्यावर लोक घाबरले, शेळ्या चरायला सोडेनात. सरपंच ओव्हरसियरकडे गेले की सुरुंग लवकर लावा, आवाजाने तो बिबट्या तरी पळेल. महिनाअखेरीस होणारं काम आता शनिवारी, १५ तारखेला ठरलं.

जिवली शेळ्या बांधून पंपावर आली. हसत नव्हती. म्हणाली, "बिबट्या नाय इथं. मना म्हाईत हाय न् तुलाबी म्हाईत हाय. उदाची पोरं हायेत, ती मरतील. तू बोल, भाऊ. मी बोलले तं कोन आयकंल? लिवनारा तू हायेस."

एवढं बोलून गेली. मी पंप सुरू करायचाच विसरलो, टाकी अर्धीच भरली. लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

११ नोव्हेंबर

पालघरला गेलो. शाळेत मधली सुट्टी होती. सर प्रयोगशाळेत एकटे डबा खात होते. मी उभ्यानेच सांगितलं, बसलो असतो तर जीभ उचलली नसती.

"सर, रजिस्टरातली मोरी म्हणजे रांजणकोंड. पहिल्या पानापासून. आणि बिबट्या नाही."

सरांनी पोळी खाली ठेवली. विचारलं, धनेश? मी म्हटलं, कोंडावरचे. घोरपड? कोंडावरची. धोबी? ते तेवढे मोरीवरचे, सर, देवाशप्पथ.

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मुलांना मी रोज सांगतो, जे दिसलं तेच लिहा, जिथे दिसलं तिथेच लिहा. आणि नमुना म्हणून तुमचं रजिस्टर दाखवतो." मी बाबांची गोष्ट सांगितली, दातिवरं, डहाणू, सगळं. सांगताना ते सगळं फार पोकळ वाटायला लागलं.  सरांनी डबा बंद केला आणि म्हणाले, चला, साहेबांकडे जाऊ.

ओव्हरसियर साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, काका, तुमच्यावर विश्वास ठेवून एकदा रेघ मारली. आता तुमच्यावरच विश्वास ठेवून पुसू? शुक्रवारी साडेतीनला मी जागेवर येतो. एक ऊद दाखवा, एक, मी बंधारा मोरीवर नेतो. नाही दिसला तर शनिवारी सुरुंग.

रास्त बोलले. 

घरी हंसाला सगळं सांगितलं. खोटं, बिबट्या, शाळा, सगळं. वाटलं होतं, तोंडसुख घेईल. ती एवढंच म्हणाली, शुक्रवारी किती वाजता?

१३ नोव्हेंबर

काही दिसलं नाही. चुन्याच्या वासाने गेले की काय? काही लिहायला सुचत नाही. रजिस्टरात : रांजणकोंड, विशेष काही नाही. आणि नेमकी ही नोंद खरी.

१४ नोव्हेंबर

टाकी सकाळीच काठोकाठ भरून ठेवली. तीन वर्षांत पहिल्यांदाच मी दुपारी पंपाजवळ नव्हतो.

साडेतीनला ओव्हरसियर साहेब, सर, सरपंच आले. एवढंच असेल असं वाटलं होतं. पण निम्मं गाव मागे. नोंदवाले काकांची फजिती बघायला कोण चुकवतो? वीस-पंचवीस माणसं करंजाखाली, कोणी खोकतोय, कोणी विडी ओढतोय, कोणी विचारतोय, बिबट्या कुठून येणार? मी हात जोडून सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. पाणी आरशासारखं. एक खंड्या तेवढा आला आणि माणसं बघून परत फिरला.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. मी साहेबांना खवलं दाखवली, नांग्या दाखवल्या. ते म्हणाले, हे मांजराचंही असू शकतं. शिंगाळ्याचा काटा दाखवून पाच मैलांची गोष्ट सांगितली तेव्हा तर कोणीतरी मोठ्याने हसलंच. साहेबांनी घड्याळ बघितलं. सर माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

तेवढ्यात पाड्याच्या बाजूने शेळ्यांच्या वाटेने हंसा आली. डोक्यावर टोपली, मागे जिवली. एवढ्या लोकांना बघून ती बिचकली नाही. टोपली उतरवली आणि सरपंचांसकट सगळ्यांना सांगितलं, मागं सरा, खाली बसा, विड्या विझवा. बाजारात गिऱ्हाइकाला सांगते तसंच. आणि सगळे बसले.

मग ती एकटीच खडकावर गेली. लुगडं खोचलं, पाण्यात पाय सोडून बसली आणि पाड्यांवर दारोदार देते तीच हाळी दिली, फक्त हळू, अंगाई म्हणावी तशी.

"म्हावरं घ्या गं, म्हावरं... ताजं ताजं म्हावरं..."

कपारीतून डोकं वर आलं. मिशाळ, ओलं. मग दुसरं. दोघंही सरळ तिच्याकडे पोहत आले, उधारीवाल्या गिऱ्हाइकासारखे, न लाजता. हंसाने टोपलीतून मांदेली काढली आणि खडकावर ठेवली. आणि मग आईच्या मागून एक, दोन, तीन पिल्लं, पाण्यात धडपडत, चिवचिवत, एकमेकांवर चढत. मी महिनाभर बसलो होतो आणि मला पिल्लांची संख्या माहीत नव्हती. हंसाने प्रत्येकाला वेगळा वाटा दिला. धाकट्याला आधी.

 सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ओव्हरसियर साहेब फक्त ओठ हलवून मोजत होते, एक, दोन, तीन, चार, पाच. मग त्यांनी सरपंचांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि सरपंचांनी मान डोलावली.

मी मात्र हातातल्या शिंगाळ्याच्या काट्याकडे बघत होतो. पाच मैल जाणं आणि पाच मैल येणं. एसटीने.

१६ नोव्हेंबर, कार्तिकी पौर्णिमा

चुन्याची नवी रेघ मोरीजवळ. धोब्यांना त्याचं काही नाही, ते रेघेवरूनच शेपटी हलवत फिरतात.

रजिस्टर आज सरांना परत दिलं. रात्री लपून नाही, दिवसाउजेडी, पंपाच्या दारात बसून, धोब्यांची सोडून एकेक मोरी लाल शाईने खोडली, वर रांजणकोंड लिहिलं आणि बाजूला सही केली. बिबट्या आणि फुगवलेले आकडेही खोडले; एक्केचाळीस सह्या झाल्या. पानं फाडून नवीन लिहू का, असं मी विचारलं होतं. सर म्हणाले, नको, खाडाखोड दिसू द्या, वर्गात दाखवायची आहे. आणि पुढच्या वर्षीचं रजिस्टरही तुम्हीच घ्याल ना, असं विचारलं. मी म्हटलं, दोन द्या. एक हंसाला. तिला लिहिता येत नाही, पण ती सांगेल, मी लिहीन. जिवलीचं नावही पहिल्या पानावर घालायचं ठरलं.

शिंगाळ्याची नोंदही दुरुस्त केली. "पाणमांजर रात्री खाडीपर्यंत जाते" हे खोडून "खाडी पाणमांजराकडे येते, दुपारी चार वाजता" असं लिहिलं. सर म्हणाले, हे मत आहे. राहू दिलं.

संध्याकाळी जेवताना हंसाला विचारलंच. महिनाभर रोज मी मोरी-मोरी करत होतो, तुला सगळं ठाऊक होतं, जिवलीनेच आज सांगितलं, तिने तुला पहिल्याच आठवड्यात कोंड दाखवला होता. पिल्लं तीन आहेत हे ठाऊक होतं. शिंगाळ्याचा काटा मी नाचत दाखवला तेव्हा तूच तो मासा टाकलेला होतास. मग मला एका शब्दाने का नाही सांगितलंस?

तिने माझ्या ताटात बोंबील वाढला. किती दिवसांनी!

"लग्नाला म्हैना झाला नव्हता, तवा तुमच्या बाबांनी मना बसवून सांगितलं. म्हावरं कुठं लागतं ते कोनाला सांगायचं नाय, घरच्या मान्सालाबी नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी एकटंच शिकलं होतं काय?"

मी विचारलं, आणखी काय काय सांगितलेलं नाहीस? ती म्हणाली, जेवा, भात गार होतोय. वारा सुटला होता, खिडकीची झडप आता आपटेल असं वाटलं. उठून ही डायरी परत फटीत खोचणार होतो, पण तिने तिथे आधीच चपटा दगड बसवला होता.